आधी कान, मग परीक्षा



सुरुवातीलाच सांगते, मी संगीताची शिक्षिका नाही. मी मराठी शिकवते. गाणं मला गाता येत नाही, ऐकायला मात्र आवडतं. त्यामुळे आज जे लिहिते आहे ते एका ऐकणाऱ्या बाईचं मत आहे असं समजा. पण ते लिहावं असं वाटण्यामागे एक प्रसंग आहे, आणि त्या प्रसंगात चूक माझीही होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी दहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. शांत, अभ्यासू, गळा गोड. शास्त्रीय गायनाच्या परीक्षा ती देत होती आणि दरवेळी चांगल्या श्रेणीत पास होत होती. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहेच. तिचा प्रस्ताव मीच भरून दिला. तिच्या आईवडिलांना "परीक्षा सोडू नका हो, गुण मिळतील" असं दोन वर्षं सांगत होते तीही मीच.

एकदा मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकत बसले होते. ती वही द्यायला आली. मी सहज विचारलं, "ओळख बघू, कोणता राग?" तिने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बाई, हे भजन आहे का?"

मी म्हटलं, "अगं, भूप आहे. तुला होता ना परीक्षेला?" त्याबरोबर तिने पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. थाट कल्याण, जाती औडव-औडव, मध्यम आणि निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. एकही चूक नाही. मी विचारलं, "क्लासमध्ये म्हणतेस ते सोडून दुसऱ्या कुणाचा भूप कधी ऐकलायस?" ती म्हणाली, "नाही बाई. ऐकायला कुठे असतं परीक्षेत?"

तिचं उत्तर बरोबर होतं. म्हणूनच ते मला लागलं.

दहावीनंतर तिचं गाणं थांबलं. पुढे तिची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पेटी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलीय. आता काय, गुण तर मिळाले." त्या माउलीचा काही दोष नाही. आम्ही शाळेतून तिला गाण्याचा तेवढाच उपयोग सांगितला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: मुलाला गाण्याच्या परीक्षेला बसवण्याआधी त्याला गाणं ऐकवलं पाहिजे, आणि हे काम फक्त क्लासचं नाही, शाळेचं आणि घराचंही आहे.

भाषा जशी येते, तसंच गाणं

मी भाषेची शिक्षिका, म्हणून भाषेचंच उदाहरण देते. मूल बोलायला कसं शिकतं? आधी वर्ष-दीड वर्ष ते नुसतं ऐकतं. आई बोलते, आजी बोलते, शेजारच्या काकू भांडतात, तेही ऐकतं. मग एक दिवस पहिला शब्द येतो. नाम, सर्वनाम, क्रियापद हे सगळं त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. ज्याने मराठी कधी ऐकलीच नाही अशा मुलाला आपण विभक्तीचे प्रत्यय पाठ करायला लावू का? लावलेच तर ते पाठ करेल, पेपरात लिहील, पैकीच्या पैकी गुणही आणेल. पण त्याला मराठी आली असं कुणी म्हणणार नाही.

गाण्यात मात्र आपण नेमकं हेच करतो. वादी-संवादी हे रागाचं व्याकरण. ते हवंच. पण आधी भाषा कानावर पडू द्या की!

या बाबतीत भूप आणि देसकार यांची जोडी मला फार बोलकी वाटते. दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. कागदावर पाच अक्षरं लिहिली तर दोघांत फरक दिसणार नाही. पुस्तक सांगतं की भूपाचा वादी गंधार, देसकाराचा वादी धैवत. एक रात्रीचा, एक सकाळचा. एकाचा थाट कल्याण, दुसऱ्याचा बिलावल. मुलं हे पाठ करतात. पण गंधारावर विसावणारा भूप आणि वरच्या अंगात धैवताभोवती फिरणारा देसकार एकामागोमाग एक ऐकवा, मग बघा. पाचवीतलं पोरही म्हणतं, "बाई, हे वेगळं आहे." काय वेगळं ते त्याला सांगता येणार नाही. पण कळलेलं असतं. आणि एकदा ते कळलं की मग "वादी म्हणजे काय" ही व्याख्या त्याला पाठ करावी लागत नाही, ती समजते.

परीक्षा वाईट नाहीत

इथे कुणाचा गैरसमज नको. मी परीक्षांच्या विरोधात नाही.

एक काळ असा होता की गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागे. पाणी भरा, पाय चेपा, आणि उस्तादांची मर्जी झाली तर चार स्वर पदरात पडत. चांगल्या बंदिशी घराण्याबाहेर जाऊ दिल्या जात नसत. साध्या घरातल्या मुलाला, आणि मुलीला तर त्याहूनही, हा रस्ता बंदच होता. तो उघडला दोन विष्णूंनी.

कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा, म्हणजे शाळेसारखी शाळा, पण गाण्याची. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील. देशभर हिंडून, उस्तादांच्या पायाशी बसून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, लिहून काढल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तकं छापून सगळ्यांपुढे ठेवली. आपल्या मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे मोठं काम त्यांनी मराठीतून लिहिलं.

या दोघांमुळे गाणं आपल्या घरापर्यंत आलं. परीक्षेमुळे मूल रोज अर्धा तास पेटीपुढे बसतं, शिस्त लागते, हे मी नाकारत नाही. पण त्या काळी शिकणाऱ्याच्या आजूबाजूला गाणं होतं. देवळात कीर्तन होतं, गावात नाटक कंपनीचा मुक्काम पडे, गणेशोत्सवात बैठका होत. कान आधीच तयार होत होते, पुस्तक त्यानंतर येत होतं. आज पुस्तक आणि परीक्षा तेवढी राहिली, आजूबाजूचं ऐकणं गेलं. दोष परीक्षेचा नाही. परीक्षेच्या आधीची पायरीच आपण काढून टाकली आहे.

रेकॉर्ड ऐकून घडलेली माणसं

"नुसतं ऐकून काय होणार?" असं विचारणाऱ्यांना मी दोन मुलांच्या गोष्टी सांगते.

पहिला मुलगा गदगचा. बाप शिक्षक. या मुलाने लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. असं आपल्यालाही गाता आलं पाहिजे, हा ध्यास त्याने घेतला. अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, गुरूच्या शोधात त्याने घर सोडलं. उत्तरेत ग्वाल्हेर आणि कुठे कुठे भटकून शेवटी तो घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला राहिला. आणि सवाई गंधर्व कोण? त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे रेकॉर्डने जो सूर कानात पेरला, त्याच सुराच्या घरी मुलगा पोहोचला. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी, भारतरत्न.

दुसरा मुलगा बेळगावजवळच्या सुळेभावीचा. नाव शिवपुत्र कोमकळीमठ. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. लोक तोंडात बोट घालायचे. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी त्याला आपल्याकडे ठेवून शिकवलं. रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करणारं ते पोर पुढे इतकं स्वतंत्र गायलं की त्याच्यासारखं दुसरं कुणी झालं नाही. ते म्हणजे कुमार गंधर्व.

आता, आपल्या वर्गातून भीमसेनजी निघतील असं मी म्हणत नाहीये. तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की दोघांच्याही बाबतीत ओढ आधी लागली, ती कानाने लागली, आणि शिक्षण नंतर आलं. आपण उलट करतो. शिक्षण आधी, ओढ लागली तर लागली.

तीन मिनिटांचं वरदान

शाळेसाठी जुन्या रेकॉर्डी इतक्या सोयीच्या आहेत हे माझ्याही उशिराच ध्यानात आलं.

आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग नावाचे गृहस्थ यंत्रं घेऊन आले आणि सुरुवातीलाच ज्यांनी गाऊन दिलं त्यांत गौहर जान होत्या. त्यांच्या रेकॉर्डच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, तिथल्या लोकांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून ही युक्ती. मुलांना हे फार गमतीचं वाटतं. कर्ण्यासमोर तोंड नेऊन जोरात गावं लागायचं, मायक्रोफोन पुढे वीस-पंचवीस वर्षांनी आला, हे सांगितलं की मुलं आणखी कान देऊन ऐकतात.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. जो राग मैफलीत तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत बसवायचा! गवयांची केवढी अडचण झाली असेल. पण त्यामुळेच तिथे पाल्हाळ नाही. पहिल्या सुरापासून राग समोर उभा राहतो. अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांच्या या छोट्या रेकॉर्डी आज इंटरनेटवर सहज मिळतात. परिपाठातली बोधकथा यापेक्षा मोठी असते.

केसरबाईंची तर एक गोष्ट प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. परग्रहावरच्या कुणाला कधी सापडलीच तर पृथ्वी कशी आहे हे कळावं म्हणून. तिच्यात बाख आहे, बेथोव्हेन आहे, आणि भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र आजही सूर्यमालेच्या टोकाकडून पुढे चाललाय.

विज्ञानाच्या तासाला व्हॉयेजर शिकवतो, पण त्यावरची भैरवी वाजवत नाही. का? दोन मिनिटं लागतात शोधायला.

आमच्या शाळेत काय केलं

फार मोठं काही केलं नाही. मुख्याध्यापकांना विचारून परिपाठातली चार मिनिटं मागून घेतली. शाळेचा स्पीकर आणि माझा मोबाइल, एवढंच साहित्य. नियम तीन.

१. एका आठवड्यात एकच रेकॉर्ड, रोज तीच. नवं गाणं एकदा ऐकून कुणालाच आवडत नाही. पाचव्या दिवशी ते ओळखीचं होतं.

२. आधी फक्त दोन वाक्यं: कोण गातंय आणि कोणता राग. थाट, जाती, वादी काही नाही.

३. प्रश्न विचारायचे नाहीत, लिहून घ्यायचं नाही, आणि शिक्षकांनीही ऐकायचं. हा तिसरा नियम सगळ्यात अवघड गेला. आम्ही हजेरीपट लिहीत बसलो की मुलंही चुळबुळ करतात.

दिनविशेषाशीही जोड घालता येते. १३ जुलैला केसरबाईंचा जन्मदिवस, १५ जुलैला मोगूबाई कुर्डीकरांचा. १० ऑगस्टला भातखंडे, १८ ऑगस्टला पलुसकर. ४ फेब्रुवारीला भीमसेनजी. फळ्यावर नुसतं "जन्म" लिहून पुढे जाण्यापेक्षा आवाज ऐकवावा.

पहिल्या आठवड्यात काय झालं? खरं सांगते, मुलं हसली. तान सुरू झाली की मागच्या रांगेत दोघं-तिघं तोंड वेडंवाकडं करत. मीही रागावले नाही. नवीन गोष्टीला पोरं हसतातच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हसणं आपोआप ओसरलं. सगळ्यांना आवडायला लागलं असं म्हणणार नाही, अनेकांना आजही कंटाळा येतो. पण एके दिवशी सहावीतला एक मुलगा, ज्याच्या घरी गाण्याचं काही नाही, व्हरांड्यात थांबवून मला विचारता झाला, "बाई, आज जे लावलं ते मागच्या महिन्यातल्या बाईंच्या गाण्यासारखंच होतं ना?" दोन्ही भैरवीच होत्या. राग ओळखणं म्हणतात ते हेच. त्याला नाव येत नव्हतं एवढंच.

मला माझी दहावीतली मुलगी आठवली. तिला नाव येत होतं.

काही नेहमीचे आक्षेप

"आमच्याकडे संगीत शिक्षकच नाही." खूप शाळांत नाही, आणि ती वेगळी मोठी तक्रार आहे. पद भरलं गेलंच पाहिजे. पण तोपर्यंत ऐकवायला कुणी अडवलेलं नाही. त्याला शांतता लागते, पदवी नाही.

"हे ठरावीक लोकांचं संगीत." हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. बरीच वर्षं तसं होतं आणि काही सभागृहांत अजूनही तसं वाटतं. पण म्हणूनच ते शाळेत यायला हवं. ज्याच्या घरी येत नाही त्याच्यापर्यंत शाळेने न्यायचं, नाहीतर शाळा कशाला? आणि सोबत आपल्या गावचं भजन, ओवी, पोवाडा, गोंधळही ऐकवा. त्यात भांडण नाही.

"शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते म्हणतात, गणितात गुण वाढतील का?" असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. मी त्यांचा आधार घेत नाही. गाणं गाण्यासाठी ऐकावं. त्याचा उपयोग दुसऱ्या विषयात शोधायला लागलो की पुन्हा आपण गुणांपाशीच येऊन थांबतो.

"रेकॉर्ड म्हणजे खरं गाणं नव्हे." अगदी मान्य. तीन मिनिटं म्हणजे उंबरठा. पुढे लांब रेकॉर्डिंग ऐकावं, आणि जमेल तेव्हा मुलांना समोर बसून मैफल ऐकायला न्यावं. तंबोरे जुळत असताना बसलेलं मूल जे शिकतं, ते कुठल्याही स्पीकरवर मिळत नाही. पण उंबरठाच ओलांडला नाही तर घरात कसं जाणार?

पालकांना एक विनंती

क्लास लावलाच आहे तर उत्तम. पण रात्री जेवताना टीव्हीऐवजी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काही तरी लावा. तुम्हाला शास्त्रीय कळत नसलं तरी चालेल. तुमच्या घरात ते आधीपासून आहेच. गीतरामायण कुणी ऐकलं नाही? १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालिकेतलं पहिलंच गीत बाबूजींनी भूप रागावर बांधलंय. ते लावा, आणि लगेच किशोरीताईंचा भूप लावा. मुलाला काही विचारू नका. आठवड्याभराने तेच पुन्हा लावा.

आणि परीक्षेचा निकाल लागला की "किती टक्के?" याच्या आधी "हल्ली काय ऐकतोस?" हे विचारा. उत्तर आलं नाही तर काळजी करा, टक्के कितीही असोत.

दहावीला सवलतीचे गुण मिळोत, त्यात काही वाईट नाही. यंदाही माझ्या वर्गातल्या मुलांचे प्रस्ताव मी भरून देणारच आहे. फक्त आता पेटी माळ्यावर चढू नये, एवढी धडपड करते आहे.

तुमच्या शाळेत असं काही करत असाल तर जरूर कळवा. कोणती रेकॉर्ड मुलांना आवडली तेही सांगा. आमच्या परिपाठाला पुढच्या आठवड्यासाठी हवीच आहे!